कोकम, जांभळाची बी, आंब्याची कोय: अँटिऑक्सिडंट रिपोर्टातल्या आकड्याचं नेमकं करायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या बचत गटाकडे रातांब्याची म्हणजे कोकमाच्या फळाची सालं, जांभळाच्या बिया आणि कॅनिंगवाल्यांकडून मिळणारे आंब्याचे बाठे असा तीन तऱ्हेचा माल आहे. तिन्हींचे अर्क करून तुम्ही लॅबमधून डीपीपीएच टेस्ट करून घेतली, तिन्हींचा आकडा 80 टक्क्यांच्या वर आला, शेजारी व्हिटॅमिन सीचा आकडाही साधारण तेवढाच, आणि आता एक मार्केटिंगवाले म्हणतायत की लेबलवर "व्हिटॅमिन सीइतकं ताकदवान" असं छापून कॅप्सूल काढू. हे बरोबर आहे का, तिन्हींतलं सगळ्यात चांगलं कुठलं, आणि भाचा एमएस्सीला याच विषयावर प्रोजेक्ट करतोय तर त्याने काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं फळांच्या अर्कांवर लॅबमध्ये काम करतोय त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं. तुमचा माल चांगला आहे, तिन्ही गोष्टींत खरोखर दम आहे. पण तो आकडा लेबलवर छापू नका आणि कॅप्सूलच्या नादाला लागू नका. या अर्कांचं खात्रीचं काम तेल खवट होऊ न देणं आणि पदार्थाचा रंग-चव टिकवणं हे आहे, ते मोजता येतं, दाखवता येतं. माणसाच्या शरीरात काय होतं ते या टेस्टमधून कळतच नाही.

आता डीपीपीएच म्हणजे काय ते बघा. ही एक जांभळी पावडर असते, मेथॅनॉलमध्ये विरघळवली की गर्द जांभळं द्रावण होतं आणि 517 नॅनोमीटरच्या प्रकाशाला ते सगळ्यात जास्त अडवतं. हा एक फ्री रॅडिकल आहे, म्हणजे जोडीला एक इलेक्ट्रॉन कमी असलेला रेणू, पण इतका स्थिर की बाटलीत राहतो. त्यात इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देणारं काहीही (अँटिऑक्सिडंट हेच करतात) टाकलं की जांभळा रंग उतरून पिवळट होतो. अर्धा तास अंधारात ठेवायचं, रंग किती उतरला ते मशीनवर वाचायचं, झाली टेस्ट. 1958 पासून ही पद्धत चालत आलीय, स्वस्त आहे, पटकन होते, म्हणून देशातल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजात फळाचं नाव बदलून हीच टेस्ट होते. पण बघा, यात पेशी नाही, रक्त नाही, पोट नाही. डीपीपीएच हा रॅडिकल आपल्या शरीरात सापडत पण नाही.

पहिली अडचण 80 टक्क्यांची. टक्केवारीवरून तुलना करताच येत नाही कारण अर्क पुरेसा घातला की कुठलाही चांगला अर्क 85-95 ला जाऊन थांबतो, पुढे उतरवायला रंगच उरत नाही. दहा माणसांच्या पंगतीला तिघींनी प्रत्येकी पन्नास माणसांचा स्वयंपाक केला तर तिन्हीकडे सगळे पोटभर जेवून उठणार, त्यावरून कुणाचं पातेलं मोठं हे कळत नाही. म्हणून टक्के नाही, आयसी-50 मागायचा, म्हणजे निम्मा रंग उतरवायला दर मिलीला किती मायक्रोग्रॅम अर्क लागला तो आकडा, आणि तो जितका कमी तितका अर्क जोरदार. त्यासाठी लॅबला एकाच अर्काची पाच-सहा वेगवेगळी डायल्युशन्स लावावी लागतात. तुमच्या रिपोर्टात एकच कॉन्सन्ट्रेशन दिसतंय, म्हणजे तिन्हींत सरस कुठलं याचं उत्तर त्या कागदावर नाहीच. आणि आयसी-50 आला तरी दुसऱ्या कुणाच्या पेपरमधल्या आयसी-50 शी तो लावून बघू नका, कारण डीपीपीएच किती घेतलं, किती वेळ ठेवलं, यावर तो बदलतो. एकाच दिवशी एकाच बाटलीतल्या द्रावणावर तुमचे तिन्ही अर्क आणि सोबत ट्रोलॉक्स (तुलनेसाठी वापरायचं ठरावीक अँटिऑक्सिडंट) किंवा ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे व्हिटॅमिन सी लावलं तर ती तुलना धरायची.

व्हिटॅमिन सीशी तुलनेतही एक गोम आहे. व्हिटॅमिन सीची डीपीपीएचशी रिॲक्शन बघता बघता संपते, तर कोयीतले आणि जांभळाच्या बीतले टॅनिन मोठ्या रेणूंचे असल्यामुळे सावकाश रिॲक्ट होतात, अर्ध्या तासानंतरही रंग उतरतच असतो. म्हणजे घड्याळ कधी थांबवलं त्यावर जिंकणारा बदलतो.

दुसरी अडचण खास कोकमाची, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते कारण बऱ्याच रिपोर्टात ती सुटते. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, मुख्यतः सायनिडिन-3-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-3-सॅम्ब्युबायोसाइड या दोघांचा. आंबट द्रावणात हे रंग 515-520 च्या आसपासच प्रकाश अडवतात. म्हणजे ज्या खिडकीतून आपण डीपीपीएचचा जांभळा रंग उतरताना बघतोय त्याच खिडकीत कोकमाचा स्वतःचा रंग येऊन उभा राहतो, आणि मशीनला दोन्हींतला फरक कळत नाही. एक उदाहरण हिशोबाने दाखवतो, आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा नुसत्या डीपीपीएचचं रीडिंग 0.900, कोकम अर्क घातल्यावर 0.450. सरळ हिशोब केला तर 50 टक्के. पण तोच अर्क तेवढाच, डीपीपीएच न घालता नुसत्या मेथॅनॉलमध्ये वाचला आणि 0.150 आला, तर ते 0.150 कोकमाच्या रंगाचे आहेत, ते वजा करायचे. उरले 0.300, म्हणजे खरा आकडा साधारण 67 टक्के. एवढ्या एका कपातून 50 चे 67 होतात. याला सॅम्पल ब्लँक म्हणतात आणि रंगीत अर्काला तो प्रत्येक डायल्युशनला वेगळा लावावा लागतो. तुमच्या लॅबला फोन करून एवढंच विचारा की कोकमाला सॅम्पल ब्लँक लावला होता का. नसेल लावला तर तुमच्या कोकमावर त्या रिपोर्टात अन्याय झालाय.

यातून सुटायचा सोपा मार्ग एबीटीएस टेस्ट. त्यात निळसर-हिरवा रॅडिकल असतो आणि रीडिंग 734 नॅनोमीटरला घेतात, तिथे कोकमाचा लाल रंग आडवा येत नाही. एबीटीएस 7 मिलीमोलर आणि पोटॅशियम परसल्फेट 2.45 मिलीमोलर एकत्र करून 12 ते 16 तास अंधारात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पातळ करून रीडिंग 0.70 च्या आसपास आणायचं आणि मग अर्क घालायचा. पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये दोन्हीकडे चालतं, त्यामुळे आगळासारख्या (कोकमाचा खारवलेला रस) पाणीदार मालालाही बरं पडतं.

टोटल फिनॉलिक्सचा, म्हणजे टॅनिन-अँथोसायनिन ज्या गटात येतात त्या फिनॉल संयुगांचा एकूण आकडाही तुमच्या रिपोर्टात आहे, तो फोलिन-सिओकाल्टू रिएजंटने काढतात, 760-765 ला वाचतात आणि गॅलिक ॲसिडच्या हिशोबात लिहितात. नाव फिनॉलचं असलं तरी हा रिएजंट फक्त फिनॉललाच ओळखत नाही, व्हिटॅमिन सी, काही साखरा, प्रथिनं, सल्फाइट या सगळ्यांशी रिॲक्ट होतो. म्हणून साखर घातलेलं अमृत कोकम कधीही थेट या टेस्टला देऊ नका, आणि कुठल्या मालात केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं असेल तर मग विचारूच नका, ते प्रिझर्व्हेटिव्ह स्वतःच अँटिऑक्सिडंटसारखं वागतं, आकडा फुगवतं आणि वर कोकमाचा रंगही उडवतं. टेस्टला द्यायचा माल नेहमी बिन-साखरेचा, बिन-प्रिझर्व्हेटिव्हचा. आगळाचं अजून एक: त्यात मीठ भरपूर, आणि ते सुकवून अर्क केला की वजनात मोठा वाटा मिठाचा जातो, मग दर ग्रॅमला आकडा पडलेला दिसतो आणि लोक म्हणतात आगळात काही राहिलंच नाही. मिठाचं वजन वेगळं काढून हिशोब करायला सांगा किंवा मीठ न घातलेली ताजी सालं द्या.

आता तुमच्या मालाकडे येतो, कारण कुठलं चांगलं यापेक्षा कुठलं कशासाठी चांगलं हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

कोकमाच्या सालीत दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी आहेत. लाल अँथोसायनिन पाण्यात विरघळतं आणि आंबटपणावर जगतं. गार्सिनॉल पिवळं असतं, त्याला पाणी आवडत नाही, ते अल्कोहोल, ॲसिटोन, हेक्सेन असल्यात उतरतं आणि तेलात विरघळतं. पाण्यात अर्क केला की गार्सिनॉल चोथ्यात राहून जातं आणि तो चोथा आपण टाकून देतो! आगळ काढून झाल्यावर उरलेल्या सालीत अजून बराच जीव असतो तो असा. हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड म्हणजे कोकमाचं आंबट, त्याचा वजन कमी करण्यासाठी फार गवगवा झाला, पण अँटिऑक्सिडंट म्हणून त्याची गणना करू नका, ते काम वरच्या दोघांचं.

कोकमाचा रंग उष्णता, उजेड, हवा आणि पीएच या चार गोष्टींनी जातो. पीएच 1 च्या आसपास लालभडक, 4.5 ला जवळजवळ बिनरंगी, आणि याच फरकाचा फायदा घेऊन अँथोसायनिन मोजतात: एकाच अर्काचे दोन भाग, एक पीएच 1.0 च्या बफरमध्ये, एक 4.5 च्या, दोन्ही 520 आणि 700 ला वाचायचे आणि वजाबाकी करायची. पीएच डिफरन्शियल म्हणतात याला, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर असला तरी होते आणि तुमच्यासारख्या उद्योगाला डीपीपीएचपेक्षा ही जास्त उपयोगी आहे, कारण मे महिन्यात केलेल्या मालाचा रंग दिवाळीपर्यंत किती राहिला हे तिच्यातून थेट कळतं. आमसूल करताना आपण सालींना रसाचं पुट देऊन देऊन उन्हात वाळवतो, त्यात रंगाची बरीच हानी होते, पण आमसूल हा टिकाऊ खाण्याचा पदार्थ म्हणून करायचा तर ते तसंच करावं लागतं. अर्कासाठी लागणारी सालं मात्र उन्हात घालू नका, सावलीत पंख्याखाली किंवा ड्रायरमध्ये 50 अंशांच्या आत वाळवा.

आणि एक, कोकमाची बहुतेक झाडं बियांची आहेत, नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांच्या फळात सालीची जाडी, आंबट, रंग सगळ्यात फरक पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती काढल्या त्या याचसाठी की माल एकसारखा मिळावा. एका पाटीतल्या सालीचा आकडा घेऊन तो वर्षभराच्या मालावर छापणं त्यामुळेही चूक आहे. सॅम्पलवर झाड किंवा बाग, तोडणीची तारीख, वाळवायची पद्धत हे लिहून ठेवायची सवय लावा.

आंब्याची कोय मला तिन्हींत सगळ्यात दुर्लक्षित वाटते. बाठा फोडून आतली कोय घ्यायची, तिच्यात गॅलिक ॲसिड, एलॅजिक ॲसिड आणि गॅलोटॅनिन भरपूर, शिवाय तिचं स्वतःचं घट्ट तेल असतं. (मँगिफेरिन या नावाचा खूप बोलबाला आहे, पण ते जास्त करून झाडाची साल, पानं आणि फळाची साल यात असतं. क्युबात आंब्याच्या खोडाच्या सालीचा अर्क विमांग या नावाने वापरला जातो, त्यातला मुख्य घटक तोच.) कोयीचं तेल आणि कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे आपलं मुठेल, हे दोन्ही युरोपियन युनियनने चॉकलेटमध्ये कोको बटरबरोबर वापरायला मोकळीक दिलेल्या सहा वनस्पती चरब्यांच्या यादीत आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. पण कोयीच्या बाबतीत एक इशारा मनापासून देतो. कॅनिंगचा सीझन संपेपर्यंत पाऊस येतो, बाठ्यांचे ढीग ओले पडून राहतात आणि आत बुरशी धरते, वरून दिसतही नाही. 2001 साली ओडिशातल्या काशीपूर भागात कोयीची पेज खाल्लेल्या आदिवासींच्या मृत्यूंवरून देशभर वाद पेटला होता, उपासमार की विषबाधा म्हणून, आणि बुरशी लागलेल्या कोयीचा मुद्दा त्यात होता. म्हणून बाठा फॅक्टरीतून निघाला की दोन दिवसांत फोडून, कोय काप करून कडक वाळलीच पाहिजे, काळपट किंवा वास येणारी कोय बाजूला, आणि खाण्याच्या कुठल्याही कामाआधी अफ्लाटॉक्सिनची म्हणजे बुरशीच्या विषाची टेस्ट. अँटिऑक्सिडंटचा आकडा कितीही सुंदर आला तरी या टेस्टशिवाय पुढे जाऊ नका.

जांभळाच्या बीबद्दल थोडक्यात. एलॅजिक ॲसिड, गॅलिक ॲसिड, टॅनिन, सगळं चांगलं आहे, तुरट चव त्याचीच. तुमच्याकडे लोक ती पावडर साखरेसाठी मागतात हे मला ठाऊक आहे. तुम्ही पावडर म्हणून विका, पण "शुगर कमी होते" असं तोंडीही सांगू नका, कारण समोरचा माणूस गोळ्या सोडून देतो किंवा गोळ्या चालू ठेवून वर ही पावडर चमच्याने खातो आणि साखर खाली गेली तर पंचाईत. जांभळाच्या गराचा जांभळा रंग पण अँथोसायनिनच आहे, तोही बीबरोबर काढून टाकू नका, सरबताचा रंग म्हणून त्याला किंमत आहे.

सॉल्व्हंटचं विचारलंत. नुसतं पाणी किंवा नुसतं अल्कोहोल यापेक्षा दोन्ही मिळून, साधारण 70 टक्के इथेनॉल आणि 30 टक्के पाणी, यात फिनॉल्स जास्त उतरतात. अँथोसायनिन हवं असेल तर त्यात थोडं सायट्रिक ॲसिड. लॅबमध्ये मेथॅनॉल वापरतात ते टेस्टपुरतं, मेथॅनॉल विषारी आहे, खाण्याच्या मालाजवळ ते येताच कामा नये, आणि इथेनॉलसाठी एक्साइजचा परवाना लागतो, ही गोष्ट बचत गटाला सोपी नाही. म्हणून मी तुम्हाला पाण्याचाच अर्क सुचवेन, 50 अंशांच्या आत कोमट पाणी, सायट्रिक ॲसिडने आंबट केलेलं, दोनदा काढा, गाळा आणि कमी उष्णतेत आटवा. कोयीला आधी तेल काढून घेतलं तर अर्क स्वच्छ येतो. सॉक्सलेटमध्ये (गरम सॉल्व्हंटने अर्क काढायचं लॅबमधलं काचेचं उपकरण) तासन्‌तास उकळत ठेवून काढलेला कोकमाचा अर्क तपकिरी येतो, तो रंग गेल्याचा पुरावा आहे.

आता शरीराचा मुद्दा, ज्यावर ती कॅप्सूल उभी आहे. अँथोसायनिन आपण खाल्लं तर मूळ रूपात रक्तात अगदी थोडं पोचतं, बाकीचं आतड्यातले बॅक्टेरिया तोडून वेगळीच संयुगं बनवतात. टेस्ट ट्यूबमध्ये आपण ज्या प्रमाणात अर्क घालतो तेवढं प्रमाण रक्तात येतच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने फळांच्या ओरॅक (डीपीपीएचसारखीच टेस्ट ट्यूबमधली एक अँटिऑक्सिडंट टेस्ट) आकड्यांची मोठी यादी वेबसाइटवर ठेवली होती, कंपन्यांनी ती लेबलांवर इतकी वापरली की 2012 मध्ये खात्याने ती यादीच काढून टाकली आणि सांगितलं की या आकड्यांचा माणसाच्या आरोग्यावरच्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही. 2004 चा एक अभ्यास तर डोळे उघडणारा आहे: सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते ती मुख्यतः फळातल्या फ्रुक्टोजमुळे यूरिक ॲसिड वाढतं म्हणून, सफरचंदाच्या पॉलिफिनॉलमुळे नव्हे.

आणि जास्त म्हणजे चांगलं हेही खरं नाही. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ईची मोठी ट्रायल झाली, 1994 ला निकाल आला, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली कॅरेट नावाची तशीच ट्रायल 1996 ला मुदतीआधी थांबवावी लागली कारण तिथेही फुप्फुसाचा कॅन्सर 28 टक्क्यांनी वाढलेला दिसला. गाजर-पपई खाऊ नका असा याचा अर्थ नाही, फळं-भाज्या खाणाऱ्यांची तब्येत बरी राहते हे बऱ्याच अभ्यासांत दिसतं. पण फळातली एक गोष्ट काढून, घट्ट करून, कॅप्सूलमध्ये भरली की ते फळ राहत नाही, आणि ती कॅप्सूल घेणाऱ्याची जबाबदारी आपल्यावर येते.

लक्ष्मणफळाचं उदाहरण तर प्रत्येक अर्कवाल्याने लक्षात ठेवावं. त्याच्या पानांचा अर्क अँटिऑक्सिडंट टेस्टमध्ये झकास येतो, आणि आपल्याकडे कॅन्सरवर म्हणून तो सर्रास विकला जातो. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर डॉक्टरांना पार्किन्सनसारखा पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार नेहमीपेक्षा जास्त दिसायला लागला, 1999 मध्ये त्यांनी तो लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा काढा नियमित घेण्याशी जोडून दाखवला. त्यातलं ॲनोनासिन हे द्रव्य पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं काम अडवतं आणि मेंदूच्या पेशींना घातक ठरतं. डीपीपीएचच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही. कमरख म्हणजे स्टारफ्रूट, व्हिटॅमिन सी चांगलं, पण किडनीच्या पेशंटला त्याने जिवावर बेतू शकतं. कोकमाच्याच भावकीतल्या गार्सिनिया कंबोजियाच्या वजन कमी करायच्या कॅप्सूलनंतर लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. रोजच्या आमटीतलं आमसूल आणि सोलकढी पिढ्यान्‌पिढ्या पोटात जातायत, त्यांची भीती बाळगायचं कारण नाही, पण कॅप्सूलमधला घट्ट अर्क ही वेगळी वस्तू आहे, तिला तो पिढ्यांचा अनुभव लागू होत नाही.

कायद्याचं पण सांगून टाकतो. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, जाहिरात आणि दाव्यांचे नियम 2018 पासून आहेत, आरोग्याचा दावा करायचा तर शास्त्रीय पुरावा लागतो आणि डीपीपीएच हा तसला पुरावा नाही. डायबेटिस, कॅन्सर असली नावं घेतली तर 1954 चा औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा लागतो. मार्केटिंगवाले पुढच्या ब्रँडकडे जातील, लायसन्स तुमच्या गटाच्या नावावर आहे.

मग करायचं काय? तेलाची टेस्ट. तुमच्याकडे शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल, चकल्या, फरसाण असं काही ना काही चालूच असतं. प्रिझर्व्हेटिव्ह न घातलेलं ताजं तेल घ्या, एका बाटलीत काहीच नाही, एकीत 200 पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत 200 भाग टीबीएचक्यू (कारखान्यात तेलाला हेच कृत्रिम अँटिऑक्सिडंट घालतात आणि तेवढीच मर्यादा आहे), बाकीच्यांत तुमचे अर्क वेगवेगळ्या प्रमाणात. सगळ्या बाटल्या 60 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायच्या आणि दर दोन-तीन दिवसांनी पेरॉक्साइड व्हॅल्यू काढायची. तेल ऑक्सिडाइज होताना आधी पेरॉक्साइड बनतात, वास नंतर येतो, त्यामुळे ही टेस्ट नाकाच्या आधी सांगते. एक अडचण येईल, पाण्याचा अर्क तेलात विरघळत नाही, खाली बसतो. तिथे गार्सिनॉल कामाला येतं कारण ते तेलातच विरघळतं, किंवा कोयीची वाळवलेली बारीक पावडर पिठात मिसळून चकली करून बघता येते. डीपीपीएचला पहिला आलेला अर्क तेलात मागे पडू शकतो, आणि म्हणूनच ज्या कामासाठी वापरायचंय त्याच कामात तपासायचं. लॅबमध्ये करून बघायला हरकत नाही, पण विकायच्या पदार्थात असा अर्क ॲडिटिव्ह म्हणून घालायचा झाला तर तो परवानगीच्या यादीत बसतो का ते अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना आधी विचारा. कोकम-आमसूल हा घटक म्हणून वापरायला ही अडचण नाही.

भाच्याला सांगा, "अमुक फळाच्या अर्कात अँटिऑक्सिडंट गुण आढळले" असा प्रोजेक्ट करू नकोस, ते आधीच माहितीय. त्यापेक्षा एकच माल घे, माझं मत विचारशील तर आगळ काढून उरलेला कोकमाचा चोथा. त्याचे पाणी, 70 टक्के इथेनॉल आणि हेक्सेन असे तीन अर्क कर, तिन्हींना सॅम्पल ब्लँक लावून डीपीपीएच, सोबत एबीटीएस, पीएच डिफरन्शियलने अँथोसायनिन, आणि मग तेच तिन्ही तेलात 60 अंशांवर. प्रत्येक रीडिंग तीनदा, आणि तीन वेगवेगळ्या बागांचा चोथा, एकाच चोथ्याचे तीन भाग करून नव्हे. टेस्ट ट्यूबमधला क्रम आणि तेलातला क्रम जुळला की नाही हे लिही. पेशींवर अर्क टाकून बघायचं मोठं आकर्षण असतं या मुलांना, पण पॉलिफिनॉल पेशींच्या खाद्य-द्रावणातच हवेशी रिॲक्ट होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात आणि पेशी मरतात त्या त्या पेरॉक्साइडने, मग मुलं लिहितात की अर्काने कॅन्सरच्या पेशी मारल्या. या विषयातले नामवंत बायोकेमिस्ट बॅरी हॅलिवेल यांनी हे वारंवार दाखवून दिलंय, गाइडने आग्रह धरलाच तर पेशी न घालता नुसत्या द्रावणात अर्क टाकून पेरॉक्साइड मोजायचा कंट्रोल लावायला विसरू नकोस म्हणावं.

आणि ताई, सीझन अजून संपला नसेल तर याच आठवड्यात तिन्ही मालाची सॅम्पल्स, प्रत्येकी अर्धा किलो, हवाबंद काळ्या पिशवीत, वर बाग आणि तारीख लिहून डीप फ्रीझरमध्ये टाका. लॅबला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: आयसी-50, सॅम्पल ब्लँक लावल्याची नोंद, आणि आकडा कोरड्या वजनावर दिलाय की ओल्या. ते मिळाले की इथे टाका, मी बघून सांगतो तेलाच्या टेस्टला कुठला अर्क किती प्रमाणात घ्यायचा ते.